पल्सर १८० चा कॅम बदलताना: आधी मोजमाप, मग पाना

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी उघडून बसलं की सोसायटीतलं कुणीतरी येऊन उभं राहतंच. "काय करताय?" "कॅम बदलतोय." मग पुढचा प्रश्न ठरलेला: "आता किती पळणार?" खरं उत्तर दिलं तर समोरच्याचा चेहरा पडतो. खालून थोडी कमी, वरून थोडी जास्त, आणि एव्हरेज नक्की कमी.

हे उत्तर पटत असेल तरच पुढे वाचा. आरएक्स १०० वाल्यांनी तर इथूनच रजा घेतली तरी चालेल. टू-स्ट्रोकमध्ये कॅमच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडाच, नसतो; तिथं सगळा खेळ पोर्टचा. मी लिहितोय ते माझ्या कार्ब्युरेटरवाल्या पल्सर १८० च्या अनुभवावरून. एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, हेडमध्ये एकच कॅम, स्क्रू-नटाचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट यांनीच सेट होते), हवेवर थंड होणारं इंजिन. अशा बांधणीच्या कुठल्याही गाडीला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

कॅम ताकद आणतो कुठून?

१८० च्या नंतरच्या आवृत्तीचे कंपनीने दिलेले आकडे असे: १७.०२ पीएस ८५०० आरपीएमला, टॉर्क १४.२२ न्यूटन-मीटर ६५०० ला. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. उलटा हिशेब केला तर ८५०० ला टॉर्क १४ च्या आसपास येतो. म्हणजे तिथपर्यंत इंजिन बऱ्यापैकी श्वास घेतंय, त्यानंतर त्याला धाप लागते. आता समजा, नव्या कॅममुळे तेच १४ न्यूटन-मीटर ९५०० पर्यंत टिकले. १४ गुणिले ९५०० भागिले ९५४९, म्हणजे १३.९ किलोवॅट, जवळपास १९ पीएस. टॉर्क तसूभरही वाढला नाही, तरी दोन पीएस हातात आले.

सगळी गंमत एवढीच आहे. कॅम श्वास घ्यायची वेळ बदलतो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला की वरच्या आरपीएमला सिलिंडर नीट भरतो. पण तोच व्हॉल्व्ह खालच्या आरपीएमला इतका उशिरा बंद होतो की आत आलेलं मिश्रण पिस्टन वर येताना पुन्हा इनटेकमध्ये ढकलतो. म्हणून सिग्नलवरून निघताना गाडी मरगळते. शिवाय सीडीआय (स्पार्क सोडणारं इलेक्ट्रॉनिक खोकं) ठरावीक आरपीएमला स्पार्क कापत असेल, तर त्यावरची ताकद कागदावरच राहते. तुमची गाडी नक्की कुठल्या आरपीएमला कापते ते कॅम घेण्याआधी बघून ठेवा. मी ते कॅम बसवल्यावर बघितलं होतं.

कॅमच्या कागदावर काय वाचायचं

चांगल्या कॅमसोबत एक कागद येतो. येत नसेल तर तो कॅम घेऊ नका, मग विकणारा कितीही "स्टेज टू" म्हणो. एक उदाहरण घेऊ. इनटेक उघडतो टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) २० अंश आधी, बंद होतो बीडीसीच्या (सर्वात खालची जागा) ५० अंश नंतर. एकूण ड्युरेशन २० अधिक १८० अधिक ५०, म्हणजे २५० अंश. याचं निम्मं १२५, त्यातून २० वजा केले की १०५. इनटेक सर्वात जास्त उघडा असतो तो टीडीसीनंतर १०५ अंशांवर, आणि या आकड्याला सेंटरलाइन म्हणतात. एक्झॉस्ट बीडीसीच्या ५० आधी उघडून टीडीसीच्या २० नंतर बंद होत असेल, तर दोन्ही व्हॉल्व्ह ४० अंश एकाच वेळी उघडे राहतात. हा ओव्हरलॅप. आयडल हलायला लागतो तो याच्यामुळे.

दोन ठिकाणी फसगत होते. ड्युरेशन कितव्या उचलीला मोजलंय ते बघा. एकाने व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजलं आणि दुसऱ्याने १ मिमी उचलीपासून, तर एकाच कॅमचे आकडे चाळीस-पन्नास अंशांनी वेगळे दिसतात. दुसरं म्हणजे उचल कॅमवरची सांगितली आहे की व्हॉल्व्हवरची. मध्ये रॉकर (कॅमची उचल व्हॉल्व्हपर्यंत नेणारा हात) असतो आणि त्याचं गुणोत्तर क्वचितच १ असतं.

रोज शहरात चालणाऱ्या गाडीला मी सौम्य कॅमच सुचवतो: उचल पाऊण ते एक मिमी जास्त, ड्युरेशन मूळपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त, त्यापुढे नाही. त्यापुढचं सगळं चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर शोभतं, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये नाही.

नवा कॅम की ग्राइंड केलेला?

आपल्याकडे बहुतेक जण मूळ कॅमच पुन्हा ग्राइंड करून घेतात, कारण स्वस्त पडतं. तत्त्व साधं आहे. समजा कॅमच्या पायाचा व्यास २६ मिमी आणि पायापासून नाकापर्यंतची एकूण उंची ३३. उचल ७. नाकाला हात न लावता पाया २५ वर आणला, तर त्रिज्या अर्धा मिमी घटते आणि उचल ७.५ होते. मध्ये पडलेली फट टॅपेटचा स्क्रू खाली घेऊन भरायची.

पण हे काम ट्रकचे क्रँक ग्राइंड करणाऱ्याचं नाही. क्रँकचं जर्नल गोल असतं, कॅम गोल नसतो. त्याला मास्टर लावून चालणारं कॅम ग्राइंडर लागतं. हाताने दगडावर "अंदाजाने" घासून देणारेही भेटतात. त्यांच्याकडून चहा प्या आणि निघा.

माझा पहिला कॅम असाच गेला. घासणाऱ्याने पायासोबत नाकाच्या बाजूही खोलवर घेतल्या. कॅमचा कडकपणा वरच्या थरापुरताच असतो, आतलं लोखंड मऊ. गाडी पहिले काही आठवडे झकास पळाली. मग टॅपेट वाजायला लागले, सेट केले, पुन्हा वाजले. दोन हजार किलोमीटरनंतर कव्हर उघडलं तर एक्झॉस्टच्या नाकावर नख अडकेल असा खड्डा, आणि रॉकरचा तळवाही खाल्लेला. तेल गाळलं तेव्हा तळाशी चांदीच्या वर्खासारखी चमक होती. तेव्हापासून ग्राइंड केलेला कॅम हार्डनेस मोजून घेतल्याशिवाय मी बसवत नाही. ज्यांच्याकडे हीट ट्रीटमेंट होते, तिथे हे दोन मिनिटांत बघून देतात.

सुरू करण्याआधी

कम्प्रेशन मोजा आणि आकडा लिहून ठेवा. रिंग गेलेल्या किंवा व्हॉल्व्ह न बसणाऱ्या इंजिनात नवा कॅम घालणं म्हणजे गळक्या बादलीला नवी कडी लावणं. टॅपेट सेट करा, एअर फिल्टर आणि प्लग बदला, कार्ब्युरेटर साफ करा. मग नेहमीच्या, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० पासून ८० पर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. मोबाइल मीटरसमोर बांधून व्हिडिओ काढला की झालं. जाताना आणि येताना, तीन-तीन वेळा. एवढ्या सर्व्हिसिंगनेच कित्येकांची हौस फिटते आणि कॅमचे पैसे वाचतात. मी थट्टा करत नाहीये.

सामान: फिलर गेज, डायल गेज, व्हर्नियर, टॉर्क रेंच, अंश कोरलेली चकती (कागदावर छापून जुन्या सीडीवर चिकटवलेलीही चालते), तार, मॉली असलेलं असेंब्ली ग्रीस, नवीन हेड कव्हर गॅस्केट आणि कॅमची चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं गॅस्केट. शिवाय सर्व्हिस मॅन्युअल.

उतरवणं

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. टाकी काढा, दोन्ही प्लग काढा. प्लग काढले की क्रँक हाताने हलका फिरतो. हेडच्या आजूबाजूची माती आधी ब्रशने आणि हवेने उडवा, नाहीतर कव्हर उघडताच ती थेट कॅमवर पडते.

मॅग्नेटवरची टी खूण खिडकीत आणा. कॅमच्या चक्रावरची खूण हेडच्या कडेला समांतर आली पाहिजे आणि दोन्ही टॅपेट सैल हलले पाहिजेत. हलत नसतील तर तुम्ही एक फेरा चुकलात. क्रँक आणखी एक पूर्ण फिरवा. आता मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या लक्षात काही राहत नसतं.

टेन्शनरचा मधला बोल्ट आधी, मग स्प्रिंग, मग टेन्शनर. हा क्रम उलटा झाला तर स्प्रिंग उडते. चेनमधून तार ओवून ती फ्रेमला बांधा आणि मगच चक्र काढा. माझी चेन एकदा खाली पडली आहे. चुंबकाच्या काडीने ती बाहेर काढायला एक दुपार गेली आणि त्या दुपारी मुलांनी माझ्या तोंडून जे शब्द ऐकले त्याचा जाब अजून घरात द्यावा लागतो. चेन सैल असताना क्रँक फिरवायची वेळ आली, तर चेन हाताने वर ओढून धरूनच फिरवा, नाहीतर ती खाली क्रँकच्या दातांवर गोळा होते.

रॉकर काढताना इनटेक आणि एक्झॉस्टचे वेगळे ठेवा, अदलाबदल करू नका. कॅमच्या बेअरिंगमध्ये खडखड असेल तर ती बदलायची वेळ हीच. मूळ कॅमवर डीकम्प्रेसरची यंत्रणा असेल (चक्राच्या बाजूला छोटी वजनं किंवा पिन दिसते), तर ती नव्यावर जशीच्या तशी यायला हवी. ती विसरली की किक उलटी मारते.

मोजमाप: खरं काम हेच

कॅम बसवायला तासभर लागतो. मोजायला माझा अख्खा दिवस जातो आणि तो वाचवायचा प्रयत्न मी आता करत नाही.

आधी खरा टीडीसी. मॅग्नेटवरच्या खुणेवर विसंबू नका, तिच्यात दोन-तीन अंशांची चूक सहज असते. जुन्या प्लगमधला चिनीमातीचा भाग फोडून काढा आणि त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवा, हा झाला स्टॉप. कॅम बाहेर असतानाच तो लावा, म्हणजे उघडा व्हॉल्व्ह त्यावर आदळायची भीती नाही. क्रँकला अंशांची चकती लावा. एका दिशेने अलगद फिरवत न्या, पिस्टन टेकला की आकडा लिहा. मग उलट दिशेने. समजा एकीकडे ३८ आले आणि दुसरीकडे ४४. म्हणजे तुमचं शून्य ३ अंशांनी चुकलंय. काटा तेवढा सरकवला की दोन्हीकडे ४१ येतात. आता शून्य म्हणजे खरा टीडीसी. स्टॉप काढायला विसरू नका.

पुढे स्प्रिंग. बसलेल्या स्थितीत तिची उंची समजा ३२ मिमी आणि व्हाइसमध्ये पूर्ण दाबल्यावर २१.५. दबायला जागा १०.५ मिमी. व्हॉल्व्हची उचल ८.५ असेल तर २ मिमी उरतात, ठीक. १ मिमीच्या खाली गेलं तर त्या स्प्रिंगसोबत तो कॅम नको. व्हॉल्व्हच्या वरची वाटी पूर्ण उचलीला ऑइल सीलला टेकत नाही ना, हेही त्याच वेळी बघा. तिथेही किमान १ मिमी हवा. दुकानदार "हेवी स्प्रिंग टाका, फ्लोट होणार नाही" म्हणतात, म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅम सोडून तरंगणार नाही. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅमचं नाकच खाते, तेव्हा आकडे पुरत असतील तर मूळच राहू द्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट. कॅम, चक्र, चेन, टेन्शनर, रॉकर बसवा, टॅपेट योग्य फटीवर आणा. डायल गेजचं टोक व्हॉल्व्हच्या वाटीवर, दांड्याला समांतर लावा. तिरकं लावलं तर खोटा आकडा मिळतो. ओव्हरलॅपच्या टीडीसीला या. एक्झॉस्ट पिस्टनच्या सर्वात जवळ येतो तो साधारण १० अंश आधी, इनटेक १० अंश नंतर. तिथे थांबून टॅपेटचा स्क्रू हळूहळू आत घ्या. व्हॉल्व्ह खाली सरकत जातो आणि एका क्षणी पिस्टनला टेकतो, हाताला कळतं. डायलवर जेवढा प्रवास दिसला तेवढी फट. टेकल्यावर जोर लावू नका, व्हॉल्व्ह वाकायला फार लागत नाही. ५, १०, १५ अंशांवर पुन्हा मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा. इनटेकला १ मिमी आणि एक्झॉस्टला १.५ च्या खाली मी जात नाही. एक्झॉस्टला जास्त ठेवतो, कारण तो तापून लांबतो, आणि वरच्या आरपीएमला तरंगला तर पिस्टन त्याच्या मागेच येत असतो. हेड उतरवलेलंच असेल तर पिस्टनवर मुलांच्या क्लेचा थर लावून, दोन फेरे फिरवून, ब्लेडने कापून जाडी मोजायची जुनी पद्धतही उत्तम.

शेवटी सेंटरलाइन. डायल इनटेकवर ठेवा. कमाल उचलीच्या ०.५ मिमी आधीचा आणि ०.५ मिमी नंतरचा अंश लिहा. मला ७७ आणि १३७ मिळाले होते, मध्य १०७. कागदावर १०५. दोन अंश उशीर चालून जातो. चारच्या वर फरक असेल तर चक्राची भोकं कानशीने लांबट करावी लागतात. बोल्ट मध्यापासून २० मिमीवर असतील तर क्रँकच्या ४ अंशांसाठी फक्त ०.७ मिमी सरकवायचं असतं. डॉवेल पिनवर बसणाऱ्या चक्राला ऑफसेट पिन करून घ्या. कॅम थोडा आधी आणला की खालचा पिकअप परततो, मागे नेला की टॉप वाढतो. मी शहरात चालवतो, म्हणून आधीच्या बाजूला ठेवतो.

एक दात चुकला तर काय होतं तेही सांगून ठेवतो. चक्राला ३४ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे १०.६ अंश, क्रँकचे २१. वर आपण एकेका अंशाचा हिशेब करत होतो!

बसवणं आणि पहिली किक

कॅमच्या दोन्ही नाकांना आणि रॉकरच्या तळव्यांना मॉली ग्रीस लावा. चक्राच्या बोल्टला लॉकटाइट आणि मॅन्युअलमधला टॉर्क. एम ६ चा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरचा असतो; ताकदवान मनगटाने तो सहज तुटतो. टेन्शनर बसल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग खुणा पुन्हा बघा. कुठेही कडक अडलं तर थांबा. "थोडा जोर लावून बघू" हे वाक्य या कामात महाग पडतं. टॅपेटची फट थंड इंजिनवर, कम्प्रेशनच्या टीडीसीला, कॅमच्या कागदाप्रमाणे.

हेडमध्ये वरून चमचा-दोन चमचे तेल सोडा, कव्हर लावा. प्लग न लावता दहा-बारा किका मारा म्हणजे तेल वर चढतं. रॉकरला रोलर असेल तर पुढचं फारसं लागू नाही. साधा घासणारा तळवा असेल तर नव्या कॅमची पहिली पंधरा-वीस मिनिटं आयडलवर नको. २००० ते ३००० मध्ये खालीवर करत ठेवा, समोर मोठा पंखा लावा, कारण उभं असलेलं एअरकूल्ड इंजिन लगेच तापतं. मग बंद करा, थंड होऊ द्या, तेल बदला.

कार्ब्युरेटर

ओव्हरलॅप वाढला की आयडलला कार्ब्युरेटरमधली ओढ कमी होते. आयडल १४०० वरून १६०० पर्यंत न्यावा लागेल, आणि एअर स्क्रू नव्याने लावावा लागेल. मेन जेट एक नंबर मोठा घालून सुरुवात करा. पूर्ण थ्रॉटलवर थोडं पळवून, क्लच दाबून, लगेच इंजिन बंद करा आणि प्लग बघा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी आहे, आणि हे दुर्लक्षलं तर पिस्टन जातो. फिकट विटकरी चांगला, काळा काजळीसारखा म्हणजे जास्त. वाइडबँड मीटर मिळालं तर पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १३ च्या आसपास ठेवा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांत हे जेटचं काम ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) करावं लागतं. त्याचा खर्च कॅमपेक्षा जास्त येतो, तो आधीच धरून चाला.

पाचशे किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा बघा, कम्प्रेशन मोजा (इनटेक उशिरा बंद होतो, म्हणून आकडा थोडा उतरेल, घाबरू नका) आणि त्याच रस्त्यावर तीच ४० ते ८० ची चाचणी करा. माझी गाडी तिसऱ्यात खालून किंचित आळशी झाली आणि साडेसात हजारांनंतर मात्र अशी सुटली, की मागचा स्प्रॉकेट दोन दात मोठा घालावासा वाटला. घातलाही.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असे बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनी यावर बोट ठेवू शकते. कॅम बाहेरून दिसत नाही, पण पीयूसीच्या नळीला दिसतो. २००० नंतरच्या, बीएस-४ पूर्वीच्या चारस्ट्रोक दुचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम एवढी मर्यादा आहे. मोठ्या ओव्हरलॅपमधून न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमध्ये जातं आणि दुसरा आकडा आधी फुगतो. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर सौम्य कॅम घ्या म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

मूळ कॅम आणि रॉकर फेकू नका. ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर टॅपेटच्या फटी आणि जेटचे नंबर लिहिलेला कागद चिकटवून ठेवा. माझा गेल्या सहा वर्षांत दोनदा परत बसलाय.